प्रवेशार्थ गुणनिवड

महाविद्यालयीन प्रवेशासाठी अर्ज करताना, एकाहून अधिक प्रमाणित परीक्षांत किंवा एकाच परीक्षेच्या निरनिराळ्या सत्रांत मिळालेल्या गुणांपैकी कोणते गुण संस्थेपुढे ठेवावयाचे, यासंबंधीच्या निर्णयास प्रवेशार्थ गुणनिवड असे म्हणतात. हा निर्णय काही ठिकाणी उमेदवार स्वतः घेतो, काही ठिकाणी परीक्षा घेणारी संस्था ठराविक नियमाने घेते, तर काही ठिकाणी प्रवेश देणारी संस्था आपल्याकडे राखून ठेवते. वरवर पाहता तो मोठ्या व लहान आकड्यांतील साध्या निवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मात्र कोणत्या नियमाखाली निवड करावयाची आहे, यावर तिचे फळ अवलंबून असते. एका नियमाखाली पुन्हा परीक्षेस बसणे निर्धोक असते, तर दुसऱ्या नियमाखाली त्याच कृतीने हाती आलेली जागाही जाऊ शकते.

प्रमाणित परीक्षा म्हणजे सर्व उमेदवारांना सारख्या अटींवर दिली जाणारी व एकाच पद्धतीने तपासली जाणारी परीक्षा. अशा परीक्षेतील गुण हे उमेदवाराच्या पात्रतेचे मोजमाप असले, तरी कोणत्याही मोजमापाप्रमाणे त्यातही काही प्रमाणात त्रुटी राहते. प्रश्नपत्रिकेतील प्रश्नांची निवड, त्या दिवसाचे आरोग्य, केंद्रावरील परिस्थिती यांमुळे एकाच उमेदवाराचे दोन वेळचे गुण सहसा सारखे येत नाहीत. गुणनिवडीचा प्रश्न मूलतः या फरकातून निर्माण होतो.

ऐतिहासिक आढावा : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली व त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये घेण्यात आली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि मालवण येथे जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश होता. त्या काळी परीक्षा एकच होती. तीत उत्तीर्ण होणे म्हणजेच उच्च शिक्षणास पात्र ठरणे असल्यामुळे गुणांच्या निवडीचा प्रश्न उद्‌भवत नव्हता. पुढे शालान्त परीक्षेची जबाबदारी विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. १९६६ मध्ये महाराष्ट्र राज्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि १९७० नंतरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध रूढ झाला. त्यानंतर बरीच वर्षे बारावीच्या गुणांवरच वैद्यक व अभियांत्रिकी या शाखांचे प्रवेश होत असत. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र प्रवेश परीक्षा आल्या आणि एकाच विद्यार्थ्याजवळ मंडळाचे, राज्याच्या परीक्षेचे व अखिल भारतीय परीक्षेचे असे तीन प्रकारचे गुण साठू लागले.

अमेरिकेत हा प्रश्न अगोदर उपस्थित झाला. तेथील कॉलेज बोर्ड या संस्थेने १९२६ मध्ये सॅट ही परीक्षा प्रथम घेतली. १९५९ मध्ये ॲक्ट ही दुसरी परीक्षा सुरू झाली. या परीक्षा वर्षातून अनेकदा होत असल्याने एका विद्यार्थ्याच्या नावावर दोनतीन गुणपत्रे असणे ही नित्याची बाब झाली. २००९ मध्ये कॉलेज बोर्डाने कोणत्या तारखेचे गुण पाठवावयाचे हे ठरविण्याची मुभा विद्यार्थ्यास दिली.

निवडीचे नियम : निरनिराळ्या परीक्षांत आढळणारे नियम स्थूलमानाने पाच प्रकारांत मोडतात.

(१) सर्वोत्तम गुणांचा नियम. अनेक सत्रांपैकी ज्यात अधिक गुण मिळाले असतील ते सत्र आपोआप ग्राह्य धरले जाते. राष्ट्रीय चाचणी संस्थेने, म्हणजे एनटीएने, २०१९ पासून जेईई मेन ही परीक्षा वर्षातून दोनदा घेण्यास आरंभ केला. दोन्ही सत्रांस बसलेल्या उमेदवाराचा क्रमांक अधिक चांगल्या गुणांवरून ठरतो. करोना साथीच्या काळात, २०२१ मध्ये, तिची चार सत्रे झाली होती. या नियमाखाली दुसऱ्या सत्रास बसल्याने पहिले गुण गमावले जात नाहीत. शुल्क, प्रवास व वेळ एवढीच त्याची किंमत होय.

(२) त्यागाचा नियम. पुन्हा परीक्षेस बसावयाचे असल्यास पूर्वीच्या गुणांवरील हक्क अगोदर सोडावा लागतो. याचे ठळक उदाहरण २०१६ मधील नीट परीक्षेचे आहे. त्याचा तपशील पुढे दिला आहे.

(३) उमेदवाराच्या पसंतीचा नियम. कोणती गुणपत्रिका पाठवावयाची हे उमेदवार ठरवितो. सॅट परीक्षेप्रमाणेच पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेतही अशी सोय आहे. भारतातील गेट परीक्षेचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. त्यामुळे त्या मुदतीत अधिक वेळा बसलेल्या उमेदवारासही आपले चांगले गुणपत्र पुढे ठेवता येते.

(४) घटक जोडण्याचा नियम. निरनिराळ्या सत्रांतील किंवा विषयांतील उत्तम भाग एकत्र करून बेरीज केली जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे एका तारखेचे भाषेचे व दुसऱ्या तारखेचे गणिताचे गुण एकत्र धरतात. महाराष्ट्रातील दहावीच्या परीक्षेत सहा विषयांपैकी अधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढण्याची पद्धत याच वर्गात येते. २०१० मध्ये तिला न्यायालयात आव्हान देण्यात आले. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, परंतु त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तिला मुभा दिली.

(५) संमिश्र गुणांचा नियम. दोन भिन्न परीक्षांच्या गुणांना ठराविक भार देऊन एकच आकडा काढला जातो. महाराष्ट्रात २०१४ व २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीचे गुण व जेईई मेनचे गुण यांना निम्मा निम्मा भार होता. २०१६ पासून राज्याची एमएचटी-सीईटी पुन्हा लागू झाली. या नियमाखाली उमेदवारास निवड करण्यास वाव राहत नाही. मात्र श्रमांची विभागणी कशी करावी, हा निर्णय त्याला वर्षाच्या आरंभीच घ्यावा लागतो.

मूळ गुण व शततमक : दोन सत्रांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असल्याने त्यांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी ठेवता येत नाही. म्हणून मूळ गुणांऐवजी शततमक, म्हणजेच व्यवहारातील पर्सेंटाइल, वापरण्यात येते. एखाद्या सत्रातील एकूण उमेदवारांपैकी किती जणांचे गुण त्या उमेदवाराइतके किंवा त्याहून कमी आहेत, त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे त्याचे शततमक होय. समजा, एका सत्रास १,००,००० उमेदवार बसले आणि १६० मूळ गुण मिळविणाऱ्याच्या बरोबरीने वा खाली ९६,००० उमेदवार आहेत, तर त्याचे शततमक ९६ होईल. त्याच उमेदवाराला दुसऱ्या, सोप्या सत्रात १७० गुण मिळाले, पण त्याच्या बरोबरीने वा खाली तेवढ्याच उमेदवारांपैकी ९५,५०० जण असले, तर शततमक ९५.५ येईल. दहा गुण अधिक मिळूनही क्रम मागे जातो. उत्तरतालिकेवरून स्वतःचे मूळ गुण मोजून सत्राची निवड करू पाहणाऱ्यांची येथेच फसगत होते.

शततमक व टक्केवारी या संज्ञांत व्यवहारात पुष्कळ गोंधळ आढळतो. ९० टक्के गुण म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण, तर ९० शततमक म्हणजे शंभर उमेदवारांतील नव्वदांच्या बरोबर वा पुढे असणे. पहिल्यात उमेदवाराची तुलना प्रश्नपत्रिकेशी असते, दुसऱ्यात इतर उमेदवारांशी. लाखो उमेदवारांच्या परीक्षेत शततमकातील एका अंकाच्या फरकात हजारो उमेदवार सामावलेले असतात. म्हणूनच जेईई मेनचे शततमक सात दशांश स्थळांपर्यंत दिले जाते.

सर्वोत्तम गुणांच्या नियमाचा एक संख्याशास्त्रीय परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. उमेदवाराची तयारी तसूभरही वाढली नाही, तरी अनेक प्रयत्नांतील सर्वांत मोठा आकडा त्याच्या सरासरीपेक्षा वरच असतो. मापनातील त्रुटी नेहमीच्या प्रसामान्य वक्राप्रमाणे विखुरलेल्या आहेत असे मानल्यास, ही वाढ दोन प्रयत्नांत प्रमाण त्रुटीच्या सु. ०.५६ पट, तीन प्रयत्नांत ०.८५ पट व चार प्रयत्नांत १.०३ पट भरते. सॅटच्या एका विभागाची प्रमाण त्रुटी सु. ३० गुण धरली, तर केवळ दोनदा बसल्याने सरासरी १७ गुणांचा लाभ होतो. म्हणजे सर्वोत्तम गुणांचा नियम सर्वांना सारखाच लागू असला, तरी पुन्हा पुन्हा बसण्याची ऐपत ज्यांच्यापाशी आहे त्यांना तो अधिक देतो.

महाराष्ट्रातील प्रवेशपद्धती : राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत घेतली जाणारी एमएचटी-सीईटी ही २०० गुणांची परीक्षा असते. भौतिकी, रसायनशास्त्र व गणित असा एक गट, तर भौतिकी, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असा दुसरा गट असून उमेदवारास दोन्ही गटांच्या परीक्षा देता येतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होऊ लागली व निकाल शततमकांत देण्यात येऊ लागला. २०२६ च्या प्रवेशांसाठी ती दोनदा घेण्याचे, दुसरी खेप ऐच्छिक ठेवण्याचे व दोहोंपैकी चांगला निकाल धरण्याचे धोरण २०२५ मध्ये जाहीर झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही (२०२०) मंडळाच्या परीक्षांबाबत वर्षातून दोन संधींची शिफारस केली आहे.

अभियांत्रिकीस जाणाऱ्या विद्यार्थ्याजवळ सीईटी व जेईई मेन या दोन्हींचे गुण असल्यास त्यांपैकी एक टाकून दुसरे ठेवावयाचे नसते. राज्याच्या हिश्श्यातील जागांसाठी सीईटीचे गुण धरले जातात. अखिल भारतीय हिश्श्यातील जागांसाठी जेईई मेनचे गुण प्रथम धरले जातात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी तर केवळ जेईई मेनचेच गुण चालतात. अर्जात यांपैकी एका परीक्षेची माहिती भरावयाची राहिली, तर गुण चांगले असूनही त्या हिश्श्याच्या गुणवत्ता यादीत नाव येत नाही. बारावीचे गुण आता क्रमासाठी नसले, तरी पात्रतेसाठी आवश्यक राहिले आहेत.

वैद्यकीय प्रवेशात निवडीला वाव फार थोडा आहे. नीटचे गुण देशातील प्रवेशासाठी त्याच वर्षापुरते असतात. पुढील वर्षी पुन्हा बसणाऱ्यास जुने चांगले गुण वापरता येत नाहीत. २०१६ मध्ये मात्र याच क्षेत्रात असाधारण परिस्थिती उद्‌भवली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ मे रोजी नीटचा पहिला टप्पा घेण्यात आला. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी राज्याच्या सीईटीची तयारी केली होती, व ती ५ मे रोजी झाली. ९ मे रोजी न्यायालयाने असे ठरविले, की पहिल्या टप्प्यात पुरेशी तयारी झाली नव्हती असे वाटणाऱ्यांना दुसऱ्या टप्प्यास बसता येईल, मात्र त्यांना पहिल्या टप्प्यावरील हक्क सोडावा लागेल. २४ मे रोजी निघालेल्या वटहुकुमाने राज्यांच्या परीक्षांना त्या वर्षापुरती मोकळीक दिली. दुसरा टप्पा २४ जुलै रोजी झाला. अशा रीतीने अवघ्या बारा आठवड्यांत राज्यातील विद्यार्थ्याला सीईटीवर विसंबावे की नाही, आणि खाजगी व अभिमत संस्थांसाठी नीटचे पहिले गुण ठेवावेत की सोडावेत, असे दोन निर्णय घ्यावे लागले. २०२४ मध्येही वाढीव गुण मिळालेल्या १,५६३ उमेदवारांपुढे ते गुण वजा करून उरलेले मूळ गुण स्वीकारणे किंवा २३ जून रोजी पुन्हा परीक्षा देणे, असे दोन पर्याय ठेवण्यात आले. त्यांपैकी ८१३ जणांनी फेरपरीक्षा दिली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील स्थिती : नियमांचा परिणाम स्थानिक परिस्थितीनुसार कसा बदलतो, हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा परीक्षांच्या दृष्टीने पूर्वी कोल्हापूर विभागात होता. २०१२ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ काम करू लागले. उत्तीर्णतेच्या प्रमाणात हा विभाग राज्यात सातत्याने अग्रभागी राहिला आहे. २०२५ मध्ये बारावीचा राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, तर कोकण विभागाचा ९६.७४ टक्के लागला. दहावीचा राज्याचा ९४.१० टक्के, तर कोकणाचा ९८.८२ टक्के लागला.

हे यश लहान नाही. परंतु ते कशाचे मोजमाप आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. उत्तीर्णतेचे प्रमाण किती विद्यार्थ्यांनी किमान रेषा ओलांडली ते सांगते. प्रवेश परीक्षेचे शततमक रेषेपलीकडील क्रम सांगते. जोवर बारावीच्या गुणांना प्रवेशात भार होता तोवर शाळेतील नियमित अभ्यास थेट कामी येत असे. तो भार गेल्यावर त्याच अभ्यासाला वेगळ्या स्वरूपाच्या, वेळेवर मात करावयाच्या परीक्षेची जोड द्यावी लागते. मंडळाच्या निकालावरून प्रवेश परीक्षेतील यशाचा अंदाज बांधणारे पालक म्हणूनच पुष्कळदा चकतात.

दुसऱ्या प्रयत्नाची किंमतही येथे वेगळी पडते. मालवण, वेंगुर्ले व देवगड हे किनाऱ्यावरील तालुके कोकण रेल्वेच्या मार्गापासून दूर आहेत. मालवणच्या विद्यार्थ्यास कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली यांपैकी एक स्थानक गाठावे लागते. परीक्षाकेंद्र जिल्ह्याबाहेर मिळाले, तर आदल्या दिवशी निघून मुक्काम करणे भाग पडते व बहुधा पालकालाही सोबत जावे लागते. शिवाय एप्रिल व मे हे प्रवेश परीक्षांचे महिने म्हणजे हापूस आंब्याच्या तोडणीचे, किनाऱ्यावरील पर्यटनाचे आणि पावसाळी बंदीपूर्वीच्या मासेमारीचे महिने होत. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न या हंगामावर अवलंबून असते, त्या घरात परीक्षेचे आणखी एक सत्र म्हणजे केवळ आणखी एक शुल्क नसते, तर हंगामात एक-दोन माणसे कमी होणे असते.

उच्च शिक्षणाच्या सोयी मात्र जिल्ह्यात वाढल्या आहेत. मालवण येथे शासकीय तंत्रनिकेतन असून कणकवली व सावंतवाडी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. ओरोस येथे २०२१ मध्ये १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० ही प्रादेशिक विभागणी राज्याने २०२० मध्ये रद्द केली असल्यामुळे, घराजवळील या महाविद्यालयासाठीही जिल्ह्यातील विद्यार्थ्यास राज्यभरच्या व अखिल भारतीय हिश्श्यासाठी देशभरच्या उमेदवारांशी नीटच्या गुणांवर स्पर्धा करावी लागते.

परदेशी विद्यापीठांसाठी निवड : अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले, तसेच महाराष्ट्रातून तेथे पदवी शिक्षणासाठी जाऊ इच्छिणारे विद्यार्थी यांना सॅट वा ॲक्टच्या गुणांची निवड करावी लागते. येथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, त्या विद्यापीठाचा नियम. काही विद्यापीठे चांगले गुण तेवढे पाठविण्यास मुभा देतात, तर जॉर्जटाउनसारखी विद्यापीठे सर्व प्रयत्नांचे गुण मागतात. दोन, गुण पाठविण्याची वेळ. परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत नावे दिल्यास चार संस्थांना गुण विनामूल्य पाठविले जातात, पण तोवर निकाल हाती आलेला नसतो. निकाल पाहून निवड करावयाची तर शुल्क पडते. तीन, गुण पाठवावेत की नाही हाच प्रश्न. २०२० मधील साथीनंतर अनेक विद्यापीठांनी गुण ऐच्छिक केले, तर मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने २०२२ मध्ये ते पुन्हा सक्तीचे केले. ऐच्छिक असताना त्या विद्यापीठात दाखल झालेल्यांच्या मधल्या गुणांहून आपले गुण फार खाली असल्यास ते न पाठविण्याचा प्रघात आहे. मात्र इतरांनीही तसेच केल्याने प्रसिद्ध होणारे आकडे वास्तवापेक्षा वरचे असतात, हे लक्षात ठेवावे लागते.

निर्णयाचे निकष : सर्वोत्तम गुणांच्या नियमाखाली विचार फक्त खर्चाचा व वेळेचा असतो. त्यागाच्या नियमाखाली मात्र पुढील वेळी अधिक गुण मिळण्याचा संभव आहे, एवढे कारण पुरेसे नसते. हाती असलेल्या गुणांवर इच्छित जागा मिळण्याजोगी असेल, तर वाढीव गुणांपासून लाभ काहीच नाही आणि घट झाल्यास हानी पूर्ण आहे. उलट, हाती असलेल्या गुणांवर कोणतीच जागा मिळण्याजोगी नसेल, तर ते सोडण्यात गमावण्यासारखे फारसे नसते. निर्णय खऱ्या अर्थाने अवघड असतो तो या दोहोंच्या मधल्या उमेदवारांचा. त्यांच्यासाठी मागील वर्षांच्या प्रवेशसीमा, म्हणजे कटऑफ, हाच उपलब्ध आधार होय. परंतु त्या सीमा संस्था, शाखा, प्रवर्ग व फेरी यांनुसार वेगळ्या असतात आणि जागांची व उमेदवारांची संख्या बदलली की हलतात.

मूल्यमापन : एकाच दिवसाच्या परीक्षेवर भवितव्य अवलंबून राहू नये, या हेतूने गुणनिवडीची सोय करण्यात आली आणि तो हेतू बऱ्याच अंशी साधलाही आहे. आजारपण, वाहन चुकणे किंवा वीज जाणे अशा कारणांनी वर्ष वाया जाण्याचा धोका तिने कमी केला. तिचा दोष असा, की संधीची संख्या वाढली तरी ती वापरण्याची साधने सर्वांपाशी सारखी नसतात. त्यामुळे केंद्रे जवळ असणे, शुल्क माफक असणे, सत्रांच्या तारखा स्थानिक हंगाम पाहून ठरविणे व नियम वर्षाच्या आरंभीच जाहीर करून मध्येच न बदलणे, या बाबींना गुणनिवडीच्या नियमाइतकेच महत्त्व आहे. नियम बदलताच सर्वाधिक अडचण होते ती ज्यांना तो उशिरा कळतो त्यांची. शहरातील शिकवणी वर्गात जी माहिती सहज मिळते ती किनाऱ्यावरील कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षकाने आवर्जून सांगावी लागते. योग्य गुण मिळविण्याइतकेच ते योग्य ठिकाणी, योग्य मुदतीत पुढे ठेवणे हा प्रवेशप्रक्रियेचा भाग झाला असल्याने, शालेय मार्गदर्शनात या विषयाचा समावेश होणे आवश्यक ठरते.